यंत्राची पहाट: बूट लोडरच्या बिघाडांचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर गडकिल्ले, तहनामे आणि बखरी उभ्या राहाव्यात, हे स्वाभाविक आहे. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, त्यात यांपैकी काहीही नाही. त्याची रणभूमी अवघ्या 512 बाइटांची आहे. इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने बोलायचे तर एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच तेथला मजकूर. परंतु त्या एवढ्याशा जागेत काही चुकले म्हणजे माणसाचे किती अडते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिकाबाई आहेत. खेडोपाडी हिंडून, म्हाताऱ्या बायकांजवळ बसून त्यांनी अकरा वर्षे जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि त्या सर्व आपल्या लॅपटॉपमध्ये ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी तो लॅपटॉप सुरू होईना. काळ्या पडद्यावर ‘असा विभाग नाही’ या अर्थाची एक इंग्रजी ओळ आणि तिच्या खाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द, एवढेच दिसे. दुरुस्तीच्या दुकानात त्यांना सांगण्यात आले की डिस्क पुसून सर्व काही नव्याने बसवावे लागेल. बाई माझ्याकडे आल्या आणि एवढेच विचारले, “माझ्या ओव्या गेल्या का हो?”

ओव्या गेल्या नव्हत्या. त्या जागच्या जागी होत्या. हरवली होती ती फक्त त्यांच्यापर्यंत जाणारी पहिली पायरी. ही पायरी काय असते, ती कोणी घातली, आणि ती वारंवार का निखळते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम अडचण समजून घेऊ. संगणक जे काही करतो ते प्रोग्रॅमच्या, म्हणजे आज्ञावलीच्या आधाराने करतो. ही आज्ञावली त्याच्या मेमरीत असावी लागते. परंतु वीज बंद झाली की ही मेमरी कोरी होते. आज्ञावली टिकून राहते ती डिस्कवर. मग यंत्र सुरू झाल्यावर डिस्कवरून ती मेमरीत आणावयाची कोणी? तेही काम एखाद्या आज्ञावलीनेच करावयाचे. आणि ती आज्ञावली मेमरीत कोणी आणावयाची? नट कितीही निष्णात असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, असा दृष्टान्त आपल्याकडील शास्त्रकार देत आले आहेत. संगणकाची नेमकी हीच अडचण आहे.

अमेरिकेत याच अर्थाची एक म्हण एकोणिसाव्या शतकापासून चालत आली. उंच बुटाच्या मागच्या बाजूला, तो पायात चढवताना ओढावयास सोपे जावे म्हणून, एक पट्टी शिवलेली असते. तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. त्या पट्ट्या ओढून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे, म्हणजे अशक्य गोष्ट करू पाहणे. संगणकवाल्यांनी हाच शब्द उचलला आणि पुढे त्याचा ‘बूट’ एवढाच अंश उरला. तेव्हा संगणक ‘बूट होतो’ असे आपण म्हणतो त्याचा संबंध आपल्या पायांतल्या बुटांशीच आहे. तो केवळ शब्दसाम्याचा विनोद नव्हे.

अशक्य ते शक्य कसे झाले? आपल्या घरात रोज रात्री होते तसेच. दही लावावयाचे तर दह्याचे विरजण हवे. घरात नसेल तर शेजारून चमचाभर आणावे लागते. फार लागत नाही, पण थोडे तरी बाहेरून लागतेच. संगणकाच्या इतिहासातही प्रत्येक पिढीने हा चमचाभर आरंभ कोठून तरी बाहेरून आणला. तो कोठे ठेवावा आणि त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा, याची उत्तरे मात्र बदलत गेली.

1946 साली जगापुढे आलेल्या एनिॲक या अमेरिकन यंत्राला ही अडचण जवळजवळ नव्हतीच, कारण त्याची आज्ञावली म्हणजे तारांची जोडणी आणि बटणांची मांडणी होती. आज्ञावली मेमरीत साठवावयाची ही कल्पना रुजली तेव्हा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एडसॅक या यंत्राने 6 मे 1949 रोजी आपली पहिली आज्ञावली चालवली. त्यासाठी डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने 31 आज्ञांचा एक छोटासा संच रचला होता. या ‘प्रारंभिक आज्ञा’ त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तशा फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या बांधलेल्या होत्या. सुरू करण्याचे बटण दाबले की त्या मेमरीत उतरत आणि मग छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून खरी आज्ञावली वाचून घेत. एकतीस आज्ञा! आजच्या सर्व बूट लोडरांची ही आजी म्हणावयास हरकत नाही.

पुढील काळातील लहान यंत्रांवर तारांनी बांधलेला असा संच बहुधा नसे. 1965 साली निघालेल्या पीडीपी-8 या यंत्राच्या दर्शनी फळीवर स्विचांची रांग होती. यंत्र चालवणाऱ्याने एकेक आज्ञा स्विचांनी मांडावयाची, मेमरीत टाकावयाची, पुढच्या घरात जावयाचे, असे करीत काही आज्ञांची माळ हाताने ओवावयाची. एक स्विच चुकला की सगळे मुसळ केरात. त्या काळच्या चुंबकीय मेमरीचा एक गुण मात्र उपकारक होता: वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिके. त्यामुळे एकदा मांडलेला आरंभ बरेच दिवस पुरे. कोणाच्या तरी फसलेल्या आज्ञावलीने तो पुसून टाकला की मगच पुन्हा बोटे झिजवावी लागत. बिघाड दुरुस्त करणे याचा अर्थ तेव्हा इतका सरळ होता.

आता आपण युनिक्सकडे येऊ. 1969 साली अमेरिकेत न्यू जर्सीमधील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-7 या जुन्या यंत्रावर ही कार्यप्रणाली घडवावयास प्रारंभ केला. लवकरच ती पीडीपी-11 वर गेली. 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत यंत्र सुरू कसे करावे याची माहिती दिलेली आहे. म्हणजे हा विषय तिच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. युनिक्सने डिस्कची मांडणी करताना अगदी पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा 512 बाइटांचा ठोकळा फाइलींसाठी न वापरता आरंभासाठी राखून ठेवला. घराच्या उंबरठ्यावर कोणी सामान ठेवीत नाही, तसे हे.

1975 सालच्या सहाव्या आवृत्तीत हा उंबरठा ओलांडताना पडद्यावर ‘@’ हे चिन्ह उमटे. वापरणाऱ्याने तेथे कर्नलच्या फाइलीचे नाव टंकावयाचे. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. तो एकदा मेमरीत आला की पुढचा संसार तो सांभाळतो. यातील लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की त्या 512 बाइटांत राहणाऱ्या चिमुकल्या आज्ञावलीला फाइलींची मांडणी समजत होती. तिला नाव सांगितले की ती स्वतः शोध घेई. युनिक्सची फाइलरचना साधी होती आणि एकच होती, म्हणून हे शक्य झाले. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला आणि आरंभाचा प्रश्न विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून निघून सामान्य माणसाच्या टेबलावर आला. या यंत्रात बायॉस नावाची आज्ञावली एका कायम स्मरणाच्या चिपमध्ये बसवलेली होती. विरजण आता यंत्राबरोबरच घरी येऊ लागले. बायॉसने डिस्कचा पहिला 512 बाइटांचा तुकडा मेमरीत आणावयाचा, आणि कारभार त्याच्या हाती देऊन मोकळे व्हावयाचे. 1983 साली कठीण डिस्क असलेले पुढचे यंत्र आले, तेव्हा या तुकड्याची वाटणी झाली: 446 बाइट आज्ञांसाठी, 64 बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीसाठी, आणि 2 बाइट खुणेसाठी. या तुकड्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. पुढे तीस वर्षे जगातील कोट्यवधी संगणक याच 446 बाइटांच्या चिंचोळ्या बोळातून बाहेर पडत राहिले.

अशा यंत्रासाठी हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा गाभा लिहिला. 25 ऑगस्टला त्याने आपला बेत जाहीर केला आणि सप्टेंबरात पहिली आवृत्ती दिली. आरंभी लिनक्स फ्लॉपीवरून सुरू होई. परंतु ज्याच्या डिस्कवर आधीच दुसरी कार्यप्रणाली नांदत आहे त्याला दोहोंपैकी एक निवडता आली पाहिजे. यासाठी 1992 च्या सुमारास व्हर्नर अल्मेसबर्गर यांनी लिलो नावाचा बूट लोडर केला.

लिलोपुढे अडचण अशी होती की लिनक्सला एक नव्हे, अनेक प्रकारच्या फाइलरचना चालत. त्या सर्वांचे ज्ञान 446 बाइटांत कोंबणे अशक्य होते. म्हणून लिलोने शोध घेण्याचा नादच सोडला. कर्नलची फाइल डिस्कवर नेमक्या कोणकोणत्या ठिकाणी पडली आहे, त्या जागांची यादी तो बसवतानाच करून ठेवी आणि सुरू होताना त्या यादीवरून डोळे मिटून चाले. फाइलीचे नाव, फोल्डर, मालक यांतले काहीही त्याला कळत नसे. कळे तो फक्त पत्ता. जुन्या पोस्टमनला नवे भाडेकरू माहीत नसावेत, पण घरक्रमांक पाठ असावा, तसा हा प्रकार.

घर बदलले की काय होणार हे उघडच आहे. लोक हौसेने नवा कर्नल बसवीत, जुन्या फाइलीवर नवी फाइल ठेवीत, आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवावयास विसरत. नव्या फाइलीचे नाव तेच, पण तिची डिस्कवरील जागा वेगळी. सकाळी यंत्र सुरू केले की लिलो जुन्या पत्त्यावर जाई आणि तेथे थांबे. त्या काळी लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ही चूक केली असेल.

लिलोचे एक वैशिष्ट्य मात्र मला फार आवडते. आपले नाव तो एकदम लिहीत नसे. एकेक टप्पा पार पडला की एकेक इंग्रजी अक्षर उमटवी. ‘एल’ उमटून गाडी अडली तर पहिला टप्पा आला पण दुसऱ्याला आणू शकला नाही. ‘एल’ आणि ‘आय’ अशी दोन उमटली तर दुसरा आला पण चालू झाला नाही. तीन उमटली तर दुसरा चालू झाला पण त्याला पत्त्यांच्या यादीतील तपशील मिळाला नाही. चारही अक्षरे उमटली तर सगळे ठीक. आजारी माणूस बोलू शकत नसला तरी दुखते कोठे हे बोटाने दाखवतो, तसे हे अर्धवट नाव म्हणजेच रोगाचे निदान होते. पुढच्या सर्व दुरुस्तीचे सूत्र यातच आहे: आरंभ ही एक साखळी आहे, आणि यंत्र सुरू होत नाही याचा अर्थ एवढाच की साखळीतील एका कडीने दुसरीच्या हाती काम सोपवताना काहीतरी निसटले. कोणत्या कडीपाशी निसटले ते आधी पाहावे; हात मागाहून घालावा.

दुसरी अडचण यंत्राकडूनच आली. जुन्या बायॉसला डिस्कच्या 1024 वर्तुळांपलीकडे वाचताच येत नसे. सोळा वाचक-टोके आणि प्रत्येक वर्तुळपट्टीत 63 तुकडे धरले तर ही मर्यादा सुमारे 528 मेगाबाइटांवर येते; पुढे युक्त्या करून ती सुमारे 8.4 गिगाबाइटांपर्यंत ताणली गेली. डिस्क मोठी घेतली आणि कर्नल या रेषेपलीकडे जाऊन पडला की लिनक्स स्वतः ती फाइल वाचू शके, पण बूट लोडर वाचू शकत नसे. म्हणून डिस्कच्या प्रारंभी आरंभाच्या फाइलींसाठी एक छोटा स्वतंत्र विभाग ठेवण्याची चाल पडली. पुढे ते कारण उरले नाही तरी ही चाल पुष्कळ ठिकाणी चालू राहिली. ज्या रूढींची कारणे लोक विसरले त्या केवळ धर्मातच असतात असे नाही.

पत्त्यावर चालणाऱ्या लिलोऐवजी वाट समजणारा बूट लोडर असावा, ही कल्पना 1995 साली एरिक बोलिन यांनी पुढे नेली. जीएनयू प्रकल्पाचा हर्ड हा गाभा सुरू करण्याच्या खटपटीत त्यांनी ग्रब लिहिला. 1999 साली गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी तो जीएनयूच्या अधिकृत कामांत आणला, आणि 2002 पासून ओकुजी यांनी हाती घेतलेल्या नव्या रचनेतून दुसरी पिढी जन्मास आली. 2012 च्या जूनमध्ये ग्रब 2.00 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. लिलोचे काम 2015 च्या अखेरीस थांबले.

ग्रबने 446 बाइटांचा प्रश्न कसा सोडवला? त्याने पहिल्या तुकड्यात फक्त एक हाक ठेवली: पुढच्या टप्प्याला उठव. पहिला तुकडा आणि पहिला विभाग यांच्यामध्ये जुन्या मांडणीत 62 तुकड्यांची, म्हणजे 31,744 बाइटांची पट्टी मोकळी पडलेली असे. ग्रबने आपला दुसरा टप्पा त्या पट्टीत वसवला. एवढ्या जागेत फाइलरचना वाचण्याचे ज्ञान मावले. सहाव्या आवृत्तीतील युनिक्सला जे साध्य होते, म्हणजे नाव सांगा आणि मी शोधतो, ते वीस वर्षांनी, अनेक फाइलरचनांच्या जगात, पुन्हा साध्य झाले. पत्त्याऐवजी आता नकाशा आला.

परंतु नकाशालाही एक आरंभबिंदू लागतो. ग्रबचा उरलेला संसार कोणत्या विभागात आहे, एवढे तरी त्याला सांगून ठेवावेच लागते. आणि ज्या मोकळ्या पट्टीत तो राहतो ती काही त्याच्या नावे केलेली नव्हती. बिघाड या दोन ठिकाणांहून आले. दुसरी कार्यप्रणाली नव्याने बसवली की ती पहिल्या तुकड्यावर आपल्या आज्ञा लिही आणि ग्रबची हाकच नाहीशी होई. काही व्यापारी सॉफ्टवेअर त्या मोकळ्या पट्टीत आपल्या परवान्याची गुप्त खूण लिहून ठेवीत आणि नकळत ग्रबचा दुसरा टप्पा मोडीत. नवशिके लोक ग्रब संपूर्ण डिस्कवर बसवण्याऐवजी तिच्या एका विभागावर बसवू पाहत. मग ग्रब कुरकुरत इशारा देई की येथे मला जागांची यादी करून ठेवावी लागेल आणि ती भरवशाची नाही. म्हणजे फिरून लिलोचीच वाट!

शिक्षिकाबाईंच्या लॅपटॉपचे असेच झाले होते. आदल्या रात्री त्यांच्या भाच्याने डिस्कवरचा एक रिकामा विभाग ‘उगीच पडला आहे’ म्हणून काढून टाकला. त्याच्या पुढच्या विभागाचा क्रमांक सहावरून पाच झाला. ग्रब सकाळी उठला, सहाव्या विभागाकडे गेला, आणि असा विभागच नाही असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. चाळीतली मधली एक खोली पाडली आणि पुढच्या खोल्यांचे क्रमांक बदलले, एवढाच हा अनर्थ. ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द मृत्यूची वार्ता नव्हेत. मला वाट दाखवा, अशी ती विनंती आहे. तेथे ‘एलएस’ ही आज्ञा देऊन विभागांची यादी पाहिली, एकेका विभागात डोकावून ग्रबचे फोल्डर कोठे आहे ते शोधले, ‘सेट’ने तो नवा मार्ग सांगितला, आणि ‘इन्समॉड नॉर्मल’ व ‘नॉर्मल’ या दोन आज्ञा दिल्या. नेहमीची यादी पडद्यावर आली, लिनक्स सुरू झाले, आणि ओव्यांची फाइल उघडली. ही तात्पुरती मलमपट्टी कायमची व्हावी म्हणून मग ग्रब डिस्कवर पुन्हा बसवला. पाऊण तासाचे काम. डिस्क पुसली असती तर अकरा वर्षांचे काम गेले असते.

यंत्र रेस्क्यूपर्यंतही पोचत नसेल तर वाट थोडी लांबची, पण तत्त्व तेच. विरजण पुन्हा बाहेरून आणावयाचे. पेन ड्राइव्हवरचे लिनक्स सुरू करावे, डिस्कवरचा मूळ विभाग जोडून घ्यावा, यंत्राच्या उपकरणांची माहिती देणारी फोल्डरे त्याच्या आत जोडावी, ‘सीएचरूट’ या आज्ञेने जणू त्याच घरात राहावयास जावे, आणि मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवावे. आपण बाहेर उभे असलो तरी काम आतून करतो. यांतील एकाही पायरीला डिस्क पुसावी लागत नाही, हे मी मुद्दाम दोनदा सांगतो.

यानंतर भूमीच बदलली. जुन्या नोंदवहीत विभागांची नोंद बत्तीस बिटांच्या आकड्यांत असल्याने तिला दोन टेबीबाइटांपलीकडची डिस्क मोजता येत नव्हती. इंटेलने आपल्या इटॅनियम यंत्रांसाठी योजलेली नवी रचना 2005 पासून यूईएफआय या नावाने अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे आली. तिच्यात 446 बाइटांचा बोळ नाही. डिस्कवर एक खास विभाग असतो, त्यात बूट लोडर साध्या फाइलीसारखा नांदतो, आणि कोणती फाइल आधी उघडावयाची याची नोंद यंत्राच्या स्वतःच्या टिकाऊ मेमरीत असते. नकाशाच्या जोडीला आता नोंदवही आली.

बिघाडही नवे आले. नोंदवहीतली नोंद पुसली गेली की फाइल जागेवर असूनही यंत्र तिच्याकडे वळत नाही. तेव्हा ‘ईएफआयबूटएमजीआर’ने नोंद पुन्हा करावी लागते. यंत्र जुन्या पद्धतीने सुरू करून नव्या पद्धतीच्या डिस्कवर लिनक्स बसवू पाहिले तर ग्रब सांगतो की येथे माझ्यासाठी राखीव विभाग नाही. कारण नव्या मांडणीत ती जुनी मोकळी पट्टीच उरलेली नाही. म्हणून दुरुस्तीस बसणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा: यंत्र कोणत्या पद्धतीने जागे झाले आहे? चालू लिनक्समध्ये सिस्टिमच्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर असेल तर नवी पद्धत, नसेल तर जुनी. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळांची रात्र वाचली आहे.

शेवटचा टप्पा सर्वांत अलीकडचा आणि माझ्या मते सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. पहिलीच कडी कोणी दुष्टाव्याने बदलली तर पुढचे सर्व पहारे निरुपयोगी ठरतात. म्हणून 2011 च्या यूईएफआय मानकात ‘सिक्युअर बूट’ची रीत सविस्तर आली आणि 2012 साली विंडोज 8 बरोबर ती घरोघर पोचली. यंत्र आता बूट लोडरवर मोहोर पाहते; ओळखीची असेल तरच आत घेते. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची किल्ली आधीच बसवलेली असते. त्यामुळे लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा एक छोटा द्वारपाल तयार केला, त्यावर मायक्रोसॉफ्टची मोहोर घेतली, आणि त्याने पुढे ग्रबची ओळख पटवून द्यावी अशी सोय केली. यंत्राच्या मालकाला आपली स्वतःची किल्ली नोंदवण्याची मुभाही शिममध्ये ठेवली, हे विशेष.

2020 च्या जुलैत ग्रबमध्येच एक मोठी उणीव जाहीर झाली आणि मोहोर असलेले जुने बूट लोडर नाकारावयाची वेळ आली. घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे काही लिनक्स यंत्रे सुरूच होईनाशी झाली. 13 ऑगस्ट 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने जुन्या शिमांना बाद ठरवणारी सुधारणा पाठवली. दोन्ही कार्यप्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागू होऊ नये असा बेत होता. परंतु अशी पुष्कळ यंत्रे ओळखू आली नाहीत, आणि ‘काहीतरी गंभीर चुकले आहे’ अशा अर्थाचा संदेश दाखवून त्यांतील लिनक्स थांबले. या वेळी पत्ता बरोबर होता, नकाशा बरोबर होता, नोंद बरोबर होती. फक्त मोहोर रद्द झाली होती आणि ज्याचे यंत्र त्याला कोणी विचारले नव्हते.

येथे दुरुस्तीचा प्रश्न निराळा होतो. लिलोच्या काळात चूक आपली असे आणि उपायही आपल्या हाती असे. मोहोरेच्या काळात सुरक्षितता खरोखरच वाढली आहे, हे मी नाकारीत नाही. चोराला दार उघडे असावे असे कोण म्हणेल? परंतु घराच्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे असेल तर निदान तिची एक प्रत आपल्याकडे असावी आणि ती वापरावयाची कशी हे आपल्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे. ही प्रत म्हणजे ज्ञान. ते नसले की चमचाभर विरजण हरवले म्हणून दुधाचे पातेले ओतून देण्याचा सल्ला मिळतो, आणि आपण तो मानतो.

म्हणून घरी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. आपल्या मोलाच्या फाइलींची एक प्रत डिस्कबाहेर ठेवावी, आणि यंत्र सुरू करता येईल असा एक पेन ड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवावा. मग एखाद्या सकाळी काळा पडदा समोर आलाच, तर घाबरून जाऊ नये. पडद्यावर काय लिहिले आहे ते कागदावर उतरवून घ्यावे आणि साखळी कोणत्या कडीपाशी थांबली आहे ते शांतपणे पाहावे. शिक्षिकाबाईंनी तेच केले होते. काळ्या पडद्यावरच्या दोन्ही ओळी त्यांनी वहीत अक्षरशः लिहून आणल्या होत्या, म्हणून मला पाहताक्षणीच कळले. ओव्या उतरवून घेण्याची सवय त्यांच्या कामी आली.